अनैसर्गिक कशाला म्हणायचे?

पुरुषाला पुरुषाविषयी किंवा स्त्रीला स्त्रीविषयी ओढ वाटणे, याला आपल्या भागात धड शब्द नाही. जे आहेत त्या शिव्या आहेत. पुस्तकात ‘समलिंगी आकर्षण’ असे छापलेले असते. पण हा शब्द पारावर, एस.टी.त किंवा चुलीपुढे कोणी उच्चारलेला मी ऐकलेला नाही. विषय निघालाच तर एका वाक्यात संपतो : ‘ते निसर्गाच्या विरुद्ध आहे.’ असे म्हणणाऱ्याने निसर्गाला मात्र कधी विचारलेले नसते.

आधी एक घोळ दूर करायला हवा. यल्लम्माचे जोगते, तृतीयपंथी आणि समलिंगी व्यक्ती यांची आपण एकच मोट बांधतो. वास्तविक पहिली गोष्ट देवीच्या चाकरीची, दुसरी आपण स्वतः कोण आहोत याची आणि तिसरी मन कोणाकडे ओढ घेते याची. समलिंगी माणूस तुमच्याआमच्यासारखाच दिसतो, शेतात राबतो, वर्गात शेजारच्या बाकावर बसतो. हा लेख त्या तिसऱ्या गोष्टीविषयी आहे.

आमच्या घरी उस्मानाबादी शेळ्या आहेत. (2023 साली जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले, शेळीचे मात्र जुनेच राहिले.) त्यामुळे जनावराचे माजावर येणे, गाभण राहणे ही आमच्यासारख्या घरांतल्या मुलींना लाजेची नव्हे, हिशेबाची गोष्ट असते. असाच हिशेब करणाऱ्या अमेरिकेतील मेंढीपालन संशोधकांना आढळले की, माजावरच्या मेंढ्या समोर असूनही शंभरातले सुमारे आठ नर दुसऱ्या नराकडेच जातात. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा मेंढ्यांच्या मेंदूतील एक छोटा भाग इतर नरांपेक्षा लहान आढळला. मेंढ्याने सिनेमा पाहिला नव्हता, की त्याला शहराचे वारे लागले नव्हते. मेंढ्यावरून माणसाचा न्याय करावा असे मी म्हणत नाही. पण ‘निसर्गात हे नाही’ हे विधान तेवढ्याने खोटे ठरते.

माणसांविषयीचे उत्तर इतके सरळ नाही. 2019 साली सुमारे पावणेपाच लाख लोकांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ‘समलिंगी असण्याचे एक जनुक’ असे काही नाही, असे त्यात दिसले. अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो आणि तो सगळा जमेस धरूनही एखाद्या माणसाविषयी भाकीत करता येत नाही. दुसरा धागा जन्मक्रमाचा. कॅनडातील ब्लँचर्ड आणि बोगर्ट यांनी 1996 साली दाखवून दिले की, एकाच आईचे जितके थोरले भाऊ, तितकी धाकट्याच्या समलिंगी असण्याची शक्यता वाढते. दर भावामागे सुमारे एक तृतीयांशाने. मूळ शक्यताच थोडी असल्याने पाच भावांतला धाकटाही बहुधा समलिंगी नसतो, हे खरे. पण सावत्र किंवा दत्तक भावांमुळे हा फरक पडत नाही आणि सख्खे भाऊ दुसऱ्या घरी वाढले तरी पडतो. म्हणजे कारण घरातल्या वळणात नाही, गर्भातच कुठेतरी आहे. मुलाच्या गर्भातील एका प्रथिनाविरुद्ध आईच्या शरीरात प्रतिद्रव्ये तयार होत असावीत, असा तर्क आहे आणि 2018 सालच्या एका अभ्यासाने त्याला थोडा आधार दिला. हे वाचून कोणी सुनेला बोल लावू नये. मुलगी झाली म्हणून तिने पुष्कळ ऐकून घेतलेले आहे!

हे सारे संशोधन बहुतेक पुरुषांवर झालेले. स्त्रीचे मन स्त्रीवर का जडते, याचा शोध फारच थोडा झाला. प्रयोगशाळेतही बाईचा नंबर शेवटीच लागतो, असे दिसते. विजय तेंडुलकरांनी मात्र ‘मित्राची गोष्ट’ या नाटकात अशा मुलीला 1981 सालीच रंगमंचावर उभे केले होते.

आता उत्क्रांतीचे कोडे. ज्याला मूलबाळ होत नाही त्याचे गुण पुढच्या पिढीत जात नाहीत. मग ही ओढ हजारो वर्षे टिकली कशी? 1970 च्या दशकात ई. ओ. विल्सन यांनी असे सुचवले की, स्वतः संसार न करणारा माणूस भावाबहिणींची मुले सांभाळतो आणि त्यांच्यामार्फत घराण्याची जनुके पुढे जातात. मधमाशांतील कामकरी माशी हेच करते. सामोआ बेटावरील अभ्यासात याला पुष्टी देणारी माहिती मिळाली. इंग्लंड-अमेरिकेत मिळाली नाही. इटलीतील संशोधकांनी 2004 साली वेगळेच सांगितले : समलिंगी पुरुषांच्या आईकडच्या स्त्रियांना मुले अधिक होती. तेव्हा जे गुण पुरुषाला निपुत्रिक ठेवतात तेच त्याच्या मावशीची ओटी भरत असतील.

हे सिद्धांत मी आवडीने वाचले. पण वाचताना सारखे वाटत राहिले की, या विद्वानांनी आमच्याकडची लग्नसराई पाहिलेली नाही. समलिंगी माणूस निपुत्रिक राहतो, हे ते गृहीत धरतात. आपल्याकडे तो निपुत्रिक राहील कसा? त्याला कोणी अविवाहित राहू देतच नाही! विसावे-बाविसावे लागले की सोयरीक जुळते, वर्षाने पाळणा हलतो. नसला हलला तर दोष बाईचा. अशा संसारांतून मुले झाली, त्यांना मुले झाली. निदान आपल्या मुलखापुरते तरी कोड्याचे निम्मे उत्तर लग्नपत्रिकेत सापडेल, असे मला वाटते.

आणि या उत्तराची किंमत कोणी दिली? त्या पुरुषाने दिलीच. पण जिच्या बापाने कर्ज काढून मांडव घातला, त्या मुलीनेही दिली. नवरा मारत नाही, पीत नाही, पण जवळही येत नाही. हे ती कोणाला सांगणार? ‘लग्न झाले की सुधारेल’ हे औषध मुलाला द्यायचे आणि त्याची परीक्षा परक्याच्या लेकीवर करायची, हे मला खरे अनैसर्गिक वाटते.

असे प्रश्न मराठीत छापणाऱ्या रघुनाथ धोंडो कर्व्यांवर ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातील मजकुरासाठी खटले झाले. त्यांनी वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून 1934 साली जो खटला झाला, त्यात त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. माझ्या पदवीवर ज्यांच्या नावाच्या विद्यापीठाचा शिक्का असेल, त्यांनी नव्वद वर्षांपूर्वी या विषयासाठी वकिली केली, ही गोष्ट मला क्रमिक पुस्तकाने कधी सांगितली नाही. कर्व्यांना दंड झाला. ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ हा शब्द घेऊन 1860 पासून उभे असलेले 377 कलम सज्ञानांच्या संमतीच्या संबंधांपुरते रद्द व्हायला 6 सप्टेंबर 2018 उजाडावा लागला. जागतिक आरोग्य संघटनेने 1990 सालीच रोगांच्या यादीतून हे नाव काढले आहे. 2022 पासून आपल्याकडे ‘उपचार’ करून ओढ बदलू पाहणे हे डॉक्टरांसाठी गैरवर्तन ठरले आहे. देवऋषाला मात्र असली बंदी लागू नाही.

शास्त्रज्ञांचे कोडे सुटायचे तेव्हा सुटो. तुळशीचे लग्न लागले की आमच्याकडे पाहुणे यायला लागतील. मुलीला नाव, शिक्षण, स्वयंपाक सारे विचारतील; मुलाला कोणी काही विचारणार नाही. माझी मागणी एवढीच आहे की, त्यालाही बाजूला नेऊन ‘तुला हे लग्न हवे आहे का?’ असे घरच्या एखाद्या समजदार माणसाने विचारावे आणि तो ‘नको’ म्हणाला तर कारण न खोदता सोयरीक तिथेच थांबवावी. सुपारी फुटण्याआधी थांबलेल्या सोयरिकीचा खर्च चहापोह्यांपुरताच असतो.