पळवलेल्या कारखान्याचे रडगाणे

मंडळी, हल्ली कुठेही 'सेमीकंडक्टर' शब्द निघाला की पुढचे वाक्य ठरलेले असते, "आपला तळेगावचा कारखाना गुजरातने पळवला!" आमच्या घरचे पुतणे-भाचेही याला अपवाद नाहीत.

मी जन्मभर इतिहास शिकवला. त्यामुळे आधी सनावळी पाहू या. वेदांत-फॉक्सकॉनचा १ लाख ५४ हजार कोटींचा प्रकल्प सप्टेंबर २०२२ मध्ये गुजरातला गेला. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्यातून बाहेर पडली आणि ती भागीदारी मोडली. म्हणजे जो कारखाना उभाच राहिला नाही, त्याच्यासाठी आपण अजून गळे काढतोय!

रडायचेच असेल तर मोहालीसाठी रडा. तिथल्या सरकारी सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्समध्ये १९८४ साली चिपचे उत्पादन सुरू झाले. आज जगाला चिप पुरवणारी तैवानची टीएसएमसी स्थापन झाली १९८७ साली. १९८९ मध्ये मोहालीला आग लागली, उत्पादन विभाग खाक झाला आणि पुन्हा उभे राहायला कित्येक वर्षे गेली. त्याच काळात हे तंत्र झपाट्याने पुढे पळत होते.

कुणी म्हणेल, गरीब देश, पैसा कुठून आणणार? मग अणुशक्ती आणि अवकाशासाठी तो कसा सापडला? पैशाइतकाच चिकाटीचाही दुष्काळ होता. तैवानने १९७६ मध्ये अमेरिकेच्या आरसीए कंपनीशी करार करून आपले तरुण इंजिनियर तिकडे शिकायला धाडले. टीएसएमसीचा पाया तो. आधी माणसे घडवली, कारखाना नंतर.

आपण मात्र फीत कापायची घाई करतो. चिपचा आराखडा काढणे, सिलिकॉनच्या चकतीवर ती घडवणे आणि मग तिची जुळणी-चाचणी करणे ही तीन वेगळी कामे. साणंदचा मायक्रॉनचा कारखाना तिसऱ्या कामाचा. ते कामही हवेच, पण सगळ्याला सरसकट 'चिपचा कारखाना' म्हणून टाळ्या पिटणे ही लोकांची दिशाभूल आहे.

२०२५ मध्ये अग्निबाणांसाठीचा 'विक्रम ३२०१' प्रोसेसर आला, तो त्याच मोहालीत घडलेला. तंत्र १८० नॅनोमीटरचे, म्हणजे फोनसाठी फार जुने. पण अग्निबाणाला वेगापेक्षा भरवसा हवा, म्हणून त्यात कमीपणा काही नाही. राखेतून उठलेल्या त्या जागेचे आपल्याला कौतुक किती? शून्य!

केंद्राने २०२१ मध्ये या उद्योगासाठी ७६ हजार कोटी जाहीर केले. उत्तम. पण प्रयोगशाळेच्या कपाटाला वर्षभर कुलूप असलेल्या शाळा मी नोकरीत पाहिल्या आहेत. तिथला मुलगा अर्धवाहकाची व्याख्या घडाघडा म्हणतो, पण साधा डायोड त्याने हातात धरलेला नसतो. गुजरातने ते कुलूप लावले नाही हो!

तेव्हा पोरांनो, कारखाना कुणी नेला हे पुरे झाले. भांडायचेच तर त्या किल्लीसाठी भांडा.

असो. पटले नाही तर माझ्याशीही खुशाल भांडा.