बाटलीतला भीमसेन

अमेरिकेतल्या दुकानांत अंगात बळ आणणाऱ्या गोळ्यांची जी बाटली मिळते, तिला दोन तोंडे असतात. समोरच्या तोंडावर पोलादी दंडांचा एक उघडा पहिलवान असतो आणि त्याच्या भोवती ठळक अक्षरांत दिग्विजयाची आश्वासने असतात. मागच्या तोंडावर, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत, एक वाक्य असते: या विधानांची सरकारच्या अन्न व औषध खात्याने तपासणी केलेली नाही आणि हा माल कोणत्याही रोगाचे निदान, उपचार किंवा निवारण करण्यासाठी नाही. ठळक अक्षरे जाहिरातवाला लिहितो, बारीक अक्षरे वकील लिहितो. मला विचाराल तर वकिलाचे वाङ्मय अधिक वाचनीय. कोणी वाचू नये अशा बेताने ते छापतात, यावरूनच त्याची किंमत कळावी.

हे वाक्य बाटलीवर आले ते १९९४ च्या एका कायद्याने. त्या साली २५ ऑक्टोबरला अध्यक्ष क्लिंटन यांनी त्यावर सही केली. पुढाकार होता युटा राज्याचे सिनेटर ऑरिन हॅच यांचा, आणि त्या राज्यात अशा गोळ्या-चूर्णांच्या कारखान्यांची दाटी आहे हा काही केवळ योगायोग नव्हे. कायद्याने उलथापालथ केली ती एकच. औषध विकायचे असेल तर ते निर्धोक आहे, गुणकारी आहे, हे विकणाऱ्याने आधी सिद्ध करून द्यावे लागते. पण मालाला ‘पूरक आहार’ म्हटले की त्याची ही जबाबदारी गेली. आता तो अपायकारक आहे हे सरकारने सिद्ध करायचे, आणि तेही बहुधा माल बाजारात खपू लागल्यावर. तोवर प्रयोगशाळेतला उंदीर कोण? तर गिऱ्हाईक. आणि हा उंदीर पदरचे पैसे मोजून पिंजऱ्यात शिरतो!

बळ विकत घेण्याची हौस मात्र जुनी आहे. १८८९ साली पॅरिसमध्ये ब्राउन-सेकार या बहात्तर वर्षांच्या नामांकित शास्त्रज्ञाने कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला, आणि आपल्या अंगी तरुणपणीची ताकद परतल्याचे विद्वानांच्या सभेत सांगितले. झाले! त्या अर्काचा बाजार मांडायला व्यापाऱ्यांना वेळ लागला नाही. गंमत अशी, की पुरुषी हॉर्मोन पाण्यात विरघळत नाही म्हटले तरी चालेल, आणि म्हाताऱ्याचा अर्क होता पाण्यातला. खरे टेस्टोस्टेरॉन शुद्ध रूपात हाती आले ते १९३५ साली. पुढे त्याची नाना भावंडे प्रयोगशाळांत तयार झाली, खेळाडूंनी ती चोरून टोचून घेतली, आणि १९९० साली अमेरिकेने कायदा करून त्यांना अंमली पदार्थांच्या पंगतीला बसवले. पुढचे दार असे बंद झाले, आणि चार वर्षांनी वर सांगितलेल्या कायद्याने मागचे उघडले.

या मागच्या दाराने जो पाहुणा आला त्याचे नाव अँड्रोस्टेनडायोन, लाडाने ‘अँड्रो’. आपले शरीर कोलेस्टेरॉलपासून पायरी पायरीने टेस्टोस्टेरॉन तयार करते, आणि शेवटच्या पायरीच्या अलीकडे हे अँड्रो बसलेले असते. पॅट्रिक अर्नोल्ड नावाच्या रसायनतज्ज्ञाने १९९६ च्या सुमारास ते बाजारात आणले. युक्तिवाद मोठा सुटसुटीत होता: बंदी आहे ती टेस्टोस्टेरॉनवर, अलीकडच्या पायरीवर नाही. तुम्ही गोळी गिळा, उरलेली पायरी शरीर आपली आपण चढेल.

१९९८ चा उन्हाळा या मालाला फळला. बेसबॉल हा खेळ अमेरिकेत आपल्या क्रिकेटच्या जागी आहे. मार्क मॅग्वायर हा खेळाडू त्या वर्षी १९६१ चा एकसष्ट टोल्यांचा विक्रम मोडायला निघाला होता. ऑगस्टमध्ये एका वार्ताहराला त्याच्या कपाटाच्या फळीवर अँड्रोची बाटली दिसली. ऑलिंपिकमध्ये तो पदार्थ निषिद्ध, पण बेसबॉलमध्ये चालत असे. मॅग्वायरनेही लपवाछपवी केली नाही. त्याने सत्तर टोले मारले, आणि बाटलीची अशी जाहिरात झाली की तशी पैसे टाकूनही होत नाही. शाळा-कॉलेजातली पोरे दुकानांकडे धावली.

दुसऱ्याच वर्षी आयोवामधल्या संशोधकांनी या गोळीची परीक्षा घेतली. एकोणीस ते एकोणतीस वयाच्या निरोगी तरुणांकडून आठ आठवडे वजने उचलून घेतली. काहींना रोज ३०० मिलिग्रॅम अँड्रो दिले, काहींना त्याच रूपाची पोकळ गोळी. दोन्ही गटांचे बळ सारखेच वाढले, म्हणजे जे काही वाढले ते वजने उचलल्याने. अँड्रोवाल्यांचे टेस्टोस्टेरॉन जागचे हलले नाही. वाढले ते स्त्री-हॉर्मोन, आणि हृदयाला हितकर असलेले कोलेस्टेरॉल तेवढे खाली आले. कारण अँड्रोच्या त्या पायरीवरून एक दुसरे दार स्त्री-हॉर्मोनच्या खोलीत उघडते, आणि शरीराने कोणत्या दाराने जायचे हे बाटलीवरच्या पहिलवानाला विचारून ठरत नाही. मिशीला पीळ भरायला गेलेल्या गड्याने नथ घालून परत यावे, तसा हा प्रकार.

तरीही माल खपत राहिला. २००४ च्या मार्चमध्ये अन्न-औषध खात्याने तेवीस कंपन्यांना पत्रे धाडली, वर्षअखेरीस नवा कायदा झाला आणि २००५ च्या जानेवारीत अँड्रो बंद झाले. त्याच्या सख्ख्या भावाला, डीएचईएला, मात्र त्या कायद्यातून नाव घेऊन वगळले. ते अमेरिकेत आजही फळीवर मिळते.

आता कायदा नावानिशी बंदी घालतो म्हटल्यावर व्यापारी काय करील? नाव बदलील. रेणूच्या एका टोकाला एखादी शेपटी जोडली की झाला नवा पदार्थ. १९५० च्या दशकात औषध म्हणून शोधलेले आणि पुढे अडगळीत पडलेले एक रसायन कोणीतरी जुन्या कागदांतून उकरून काढले आणि २००५ साली ते ‘सुपरड्रॉल’ म्हणून बाटल्यांत भरले. हा माल पोकळ नव्हता. अँड्रोने निदान गिऱ्हाइकाला नुसतेच बहुतांशी फसवले होते. याने बळ दिले आणि बदल्यात यकृत मागितले. पोटात घेतलेले हॉर्मोन यकृत एरवी मोडून टाकते. ते मोडता येऊ नये म्हणूनच ती शेपटी जोडलेली असते, आणि तिचा ताण पडतो तोही यकृतावरच. शिवाय बाहेरून डबा येऊ लागला की घरची चूल विझते; मेंदू वृषणांना काम थांबवायला सांगतो, ती आक्रसतात, आणि गोळी बंद केल्यावर चूल पुन्हा पेटायला महिनेच्या महिने लागतात. वाढत्या वयाच्या मुलाची हाडे वेळेआधी जुळून उंची खुंटते, ते निराळेच. सुपरड्रॉलबद्दल खात्याने २००६ साली इशारा दिला, पण बंदी यायला २०१२ उजाडले.

अशा बाटल्यांनी यकृत बिघडलेल्या अमेरिकन तरुणांची पाहणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. त्यात कोणी दगावले नव्हते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण निम्म्या रोग्यांची कावीळ एक्याण्णव दिवसांहून अधिक टिकली होती. तीन महिने पिवळे डोळे आणि झोप उडवणारी खाज! आणि बाटलीवर जे लिहिले तेच आत असते असेही नाही. २००७ ते २०१६ या काळात त्या खात्याला ७७६ ‘पूरक आहारां’त लेबलावर नसलेली औषधे सापडली. त्यांतले ९२ स्नायू वाढवणारे होते आणि त्यांपैकी बहुतेकांत स्टेरॉइड होते.

मॅग्वायरने २०१० च्या जानेवारीत कबुली दिली, की १९९८ च्या त्या मोसमातही आपण खरी स्टेरॉइड घेत होतो. पोरांनी त्याच्या फळीवरची बाटली पाहून जी विकत घेतली, ती मुळी त्याच्या बळाची बाटलीच नव्हती!

हे सारे सातासमुद्रापलीकडचे म्हणून मी कदाचित सोडून दिले असते. पण आमच्या धाकट्या पुतण्याने गेल्या चैत्रात एक डबा घरी आणला. वहिनींनी तो माझ्यापुढे ठेवला तेव्हा चिरंजीव म्हणाले, “काका, हे औषध नाही, सप्लिमेंट आहे.” १९९४ चा सगळा कायदा त्याने एका वाक्यात सांगितला. मी भिंग घेऊन डबा वाचला. आत मुख्यतः ‘ट्रिब्युलस’ निघाले. म्हणजे कोण? तर आपले गोखरू! काष्ठौषधीच्या दुकानात पुडीत बांधून मिळणारे काटेरी गोखरू बल्गेरियाला जाऊन, तिथल्या वजन-उचल्यांची कीर्ती अंगाला लावून, इंग्रजी नावाने डब्यात बसून परत आले होते. २००७ साली ऑस्ट्रेलियातल्या रग्बी खेळाडूंना ते पाच आठवडे देऊन पाहिले. ताकदीत पोकळ गोळीपेक्षा काही फरक पडला नाही. आपल्याकडे २०१६ च्या नियमांनी अशा खाद्यांत हॉर्मोन किंवा स्टेरॉइड घालायला मनाई केली आणि ‘औषधी वापरासाठी नाही’ असे छापणे सक्तीचे केले. ते या डब्यावर होते. अर्थात मागच्या तोंडावर.

मी त्याला सुपरड्रॉलचे आणि एक्याण्णव दिवसांचे सांगितले. तो निमूट ऐकत होता. मग म्हणाला, “काका, कावीळ दिसायच्या आधी नुसती खाज सुटते का हो?”

सुटते, मी म्हटले. कोणाला?

त्याला स्वतःला नव्हती. व्यायामशाळेतला एक मित्र, एकोणीस वर्षांचा. परदेशी बाटली, कोणाकडून तरी मागवलेली. दोन आठवडे तळहात-तळपाय खाजवत होता आणि साबण बदलून पाहत होता. त्याच संध्याकाळी पुतण्या त्याला घेऊन डॉक्टरांकडे गेला. निघताना मी दोनदा बजावले: रक्त तपासून घ्या, आणि ती बाटली बरोबर न्यायला विसरू नका.