विसरण, अभिसरण आणि चार तास



डिफ्यूजनला शाळेच्या मराठी पुस्तकांत 'विसरण' म्हणतात. शब्द बरोबर आहे, पण पोरं हमखास हसतात. मी जन्मभर मराठी शिकवलं. विज्ञानाशी माझा संबंध आधीच्या तासाची सूत्रं फळ्यावरून पुसण्यापुरता. तरी आज यावर लिहिते आहे, कारण हे विसरण आमच्या घरात आठवड्यातून तीनदा येतं. माझ्या धाकट्या भावाचं डायलिसिस चालू आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. डॉक्टरांनी चार तास सांगितले असतील तर ते चारच असले पाहिजेत. 'आज अर्धा तास लवकर सोडा हो' असं लाडीगोडीनं मागायचं नाही, आणि कुणी आपणहून सोडत असेल तरी उठायचं नाही.

का, ते सांगते. पाण्यात शाईचा थेंब टाकला की पसरतो, हे विसरणाचं ठरलेलं उदाहरण. पण डोळ्यांदेखत जे भराभर पसरतं, ते बहुतेक विसरण नसतंच. थेंब पडल्याचा हेलकावा आणि पाण्यातले बारीक प्रवाह शाईला वाहून नेतात. ते झालं अभिसरण. खरं विसरण बघायचं तर पेल्याच्या तळाशी साखर ठेवा आणि पेल्याला हात लावू नका. रेणूंच्या नुसत्या इकडेतिकडे भरकटण्यानं साखर एक सेंटिमीटर वर यायला साधारण एक दिवस जातो. मग दहा सेंटिमीटरला दहा दिवस? नाही हो, शंभर! अंतर दहापट तर वेळ शंभरपट, ही खरी मेख आहे. उलट मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकं, म्हणजे साधारण एका पेशीएवढं अंतर असेल तर सेकंदाचा दहावा भाग पुरतो.

म्हणून तर आपण चहा ढवळतो. आणि म्हणूनच छातीत हृदय आहे. फुफ्फुसातला प्राणवायू नुसत्या विसरणानं पायाच्या अंगठ्यापर्यंत जायचा म्हटला तर वर्षानुवर्षं लागतील. लांबचा पल्ला रक्त मारतं, शेवटचं केसभर अंतर तेवढं विसरणाकडे. 'रक्ताभिसरण' हा शब्द ज्यानं कुणी घडवला, त्याला माझा नमस्कार.

अडॉल्फ फिक या जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञानं १८५५ मध्ये विसरणाचा नियम मांडला: दोन बाजूंच्या दाटपणात जितका फरक, तितका ओघ जास्त. पुढे १८६१ मध्ये थॉमस ग्रॅहम या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञानं पातळ पडद्यातून लहान रेणू पलीकडे जातात आणि मोठे अडतात, या गोष्टीला 'डायलिसिस' हे नाव दिलं. १९४३ मध्ये, जर्मनांच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये, विलेम कॉल्फ या डॉक्टरांनी सेलोफेनच्या नळीतून माणसाचं रक्त फिरवून ते धुतलं. युद्धाच्या टंचाईत हे यंत्र उभं करणं म्हणजे... असो, त्यावर वेगळं लिहायला हवं.

आजच्या डायलायझरमध्ये केसासारख्या हजारो पोकळ नळ्या असतात. आतून रक्त वाहतं, बाहेरून उलट दिशेनं स्वच्छ द्रावण. उलट दिशा अशासाठी की दोन्हींतला फरक या टोकापासून त्या टोकापर्यंत टिकावा. मधला पडदा इतका पातळ की तिथे वेळ फारसा लागतच नाही.

मग चार तास कशाला? भाऊ हेच विचारतो. "ताई, अगं, शेवटच्या तासात असं काय मोठं निघतं?"

प्रश्न रास्त आहे. फिकच्याच नियमानं युरिया सुरुवातीला जास्त निघतो, नंतर कमी कमी. पण यंत्र धुतं ते फक्त रक्त, आणि रक्त असतं पाचेक लिटर. साठ किलोच्या माणसाच्या अंगात पाणी मात्र तीस-पस्तीस लिटर, आणि युरिया त्या सगळ्या पाण्यात भिनलेला. तो पेशींतून रक्तात यायला आपला वेळ घेतो. डायलिसिस संपल्यावर अर्ध्या-पाऊण तासात रक्तातला युरिया पुन्हा थोडा वर चढतो तो याचमुळे. फॉस्फेट तर त्याहून आळशी. ते हाडांत आणि पेशींत दडलेलं असतं आणि सावकाश बाहेर येतं. मोठ्या रेणूंचंही तेच. पंप जोरात फिरवून यांना घाई करता येत नाही. त्यांना वेळच द्यावा लागतो, आणि तो वेळ म्हणजे हा शेवटचा तास.

अंगातलं जास्तीचं पाणी काढतात ते विसरणानं नव्हे, दाबानं. पण तिथेही वेळ कापला की तेवढंच पाणी घाईनं ओढावं लागतं. मग रक्तदाब खाली येतो, पोटऱ्यांत गोळे येतात, आणि माणूस म्हणतो, "आज मशीन सोसलं नाही."

आपल्याकडे पैशापायी, लांबच्या प्रवासापायी कितीतरी जणांचं आठवड्यातून दोनदाच होतं. त्यांनी तर एक मिनिटही सोडू नये.

भाऊ जातो तिथे पुढच्या पाळीचा माणूस दारात ताटकळत असतो. त्याच्याकडे बघून यालाच संकोच वाटतो. तिथल्या मुली स्वभावानं चांगल्या आहेत, पण त्यांच्यामागेही घाई असते. खुर्चीत बसल्यापासून वेळ धरतात. सुया टोचून रक्त फिरू लागेपर्यंत वीस मिनिटं गेलेली असतात, ती कुणाच्याच हिशेबात नाहीत. माझं मत असं की घड्याळ लावायचं ते पंप सुरू झाल्यावर. मध्ये गजर होऊन पंप थांबला, तर तेवढी मिनिटं पुढे वाढवायची. आणि दोन पाळ्यांमध्ये केंद्रानंच अर्ध्या तासाची फट ठेवायची. हे मी तिथल्या डॉक्टरांना मराठीतच, एका पानावर लिहून दिलं आहे. उत्तर यायचं आहे.