नोंद आहे, ओळख नाही

एखादे राष्ट्र आपल्या तरुण पिढीकडे किती गांभीर्याने पाहते, हे विद्यापीठांच्या इमारती मोजून कळत नाही. बारावी उत्तीर्ण होऊन महाविद्यालयात पहिले पाऊल टाकणारा मुलगा कोणत्या घरातून आला, त्याचा दिवस कसा जातो आणि पदवीकडून त्याची अपेक्षा काय, हे त्या राष्ट्राला ठाऊक आहे काय, ही खरी कसोटी. या कसोटीवर आपण अनुत्तीर्ण आहोत. हे कटू असले तरी स्पष्ट बोलले पाहिजे.

आकड्यांचा तोटा आपल्याकडे नाही. केंद्र सरकारचे अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षण २०१०-११ पासून सुरू आहे. त्याच्या २०२१-२२ च्या अहवालानुसार देशात ४ कोटी ३३ लाख विद्यार्थी उच्च शिक्षण घेत होते. अठरा ते तेवीस वयोगटातील लोकसंख्येशी त्यांचे प्रमाण २८.४ टक्के. महाराष्ट्राचे ३५.३, तामिळनाडूचे ४७, तर बिहारचे १७.१. मुलींनी २८.५ टक्के गाठून मुलांना किंचित मागे टाकले, ही अभिमानाची गोष्ट. अनुसूचित जमातींचे प्रमाण मात्र २१.२ वरच होते. ही माहिती मोलाची आहे, यात शंका नाही. परंतु ही झाली शिरगणती. घरात पदवीपर्यंत पोहोचलेला हा पहिलाच की काय, शाळेचे माध्यम कोणते, प्रवासात रोज किती तास जातात, शिकता शिकता तो कमावतो का, त्याला पुढे काय व्हायचे आहे, यांपैकी कशासाठीही त्या अहवालात रकाना नाही. राज्या-राज्यांची तुलना होते ती पटाची, विद्यार्थ्यांची नव्हे.

ही उणीव भरून काढण्याचे काम मग वृत्तपत्रांचे मथळे करतात. २०२१ साली दिल्ली विद्यापीठातील काही महाविद्यालयांची पहिली यादी १०० टक्क्यांवर लागली आणि इंग्रजी माध्यमांनी देशभर एकच हलकल्लोळ माजवला. जणू भारतातला प्रत्येक अठरा वर्षांचा मुलगा शंभरापैकी शंभर गुण मिळवून दिल्लीच्या गाडीत बसला होता! दुसरीकडे, आजची पिढी मोबाईलमध्ये बुडाली असे सांगून हात झटकणारे वडीलधारेही कमी नाहीत. पहिल्यांना मूठभर मुले दिसतात, दुसऱ्यांना मूलच दिसत नाही.

पनवेलचा एक वर्ग

खरा विद्यार्थी पाहायचा तर पनवेलच्या कोणत्याही महाविद्यालयातील एफ.वाय.चा वर्ग पाहावा. बाकांवर सारा देश बसलेला असतो. एका बाकावर सिडकोच्या भूसंपादनात शेती गेलेल्या आगरी-कोळी घरातला मुलगा असतो. त्याच्या आजोबांच्या पिढीने १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी लढा दिला, त्यात पाच जणांनी प्राण दिले. साडेबारा टक्के विकसित भूखंडांचे सूत्र त्या लढ्यातून आले. त्याच्या शेजारी कामोठे, कळंबोली वा खारघरच्या सदनिकेतली मुलगी असते. तिचे वडील सातारा-सांगलीकडून पोटासाठी इकडे आलेले. तिसरा तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या उत्तर भारतीय कामगाराचा मुलगा. आणि मागच्या बाकावर, आलाच तर, कर्नाळ्याच्या बाजूच्या एखाद्या कातकरी वाडीतला मुलगा. त्याचे कुटुंब दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाते. त्याचे दुसरे सत्र नेमके तेव्हाच सुरू होते.

या चौघांना एकच वेळापत्रक, एकच पुस्तक, एकच परीक्षा. समता म्हणून ते योग्यच. पण चौघांची सुरुवात एका रेषेवरून झालेली नाही, याची जाणीव व्यवस्थेला असावी की नको? एक साधे उदाहरण पुरे. ग्रामीण भागातील मुलींना शिक्षणासाठी एसटीचा पास बारावीपर्यंत विनामूल्य मिळतो. त्या सवलतीने असंख्य मुली शाळेत टिकल्या; शासनाचे त्याबद्दल अभिनंदनच केले पाहिजे. मात्र मुलगी एफ.वाय.ला गेली की विनामूल्य प्रवास संपतो आणि भाड्याचा तिसरा हिस्सा भरून पास काढावा लागतो. रक्कम शहरी वाचकाला क्षुल्लक वाटेल. ज्या घरात थोरल्या मुलीला शिकवायचे की धाकट्या भावाला, असा हिशेब मांडला जातो, तिथे ती निर्णायक ठरते. विद्यार्थिनी कुठून आणि कशी येते, हे आधी विचारले असते, तर सवलतीची सीमारेषा नेमकी या उंबरठ्यावर आखली गेली असती का?

सवयींचेही तसेच. 'असर'च्या २०२३ च्या पाहणीत चौदा ते अठरा वयोगटातील ग्रामीण मुलामुलींचा अभ्यास झाला. त्यांतील सुमारे चतुर्थांश मुलांना आपल्याच भाषेतला दुसरीच्या पातळीचा मजकूर सफाईने वाचता येत नव्हता. स्मार्टफोन वापरता येणाऱ्यांपैकी ४३.७ टक्के मुलांकडे स्वतःचा फोन होता. मुलींत हे प्रमाण १९.८ टक्के. याच मुलामुलींपैकी काही जण पुढे महाविद्यालयात येतात. म्हणजे वर्गाच्या सूचना, स्वाध्याय आणि परीक्षेचे अर्ज फोनवर पाठवणारे महाविद्यालय ते कोणाला पाठवत असते? अनेकदा मुलीच्या भावाला!

भोगवादी म्हटल्या जाणाऱ्यांनी राखलेली नोंद

अमेरिकेला भोगवादी म्हणून नावे ठेवणे आपल्या अंगवळणी पडले आहे. त्या अमेरिकेत १९६६ पासून महाविद्यालयात नव्याने दाखल होणाऱ्या विद्यार्थ्यांची देशव्यापी पाहणी होत आली. पालकांचे शिक्षण, घरचे उत्पन्न, अभ्यासाचे तास, महाविद्यालयात येण्याचे कारण, आयुष्याचे ध्येय, असे प्रश्न विद्यार्थ्यांना विचारले गेले. साठच्या दशकाच्या अखेरीस पाचांपैकी चारांहून अधिक नवागतांनी जीवनाचे तत्त्वज्ञान घडवणे हे महत्त्वाचे ध्येय मानले होते. पुढे क्रम पालटला आणि या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत तेवढ्याच संख्येने मुले आर्थिक सुबत्तेला अग्रक्रम देऊ लागली. त्या समाजाने काय गमावले, यावर वाद होऊ शकेल. पण ते कधी आणि किती गमावले, हे त्याला ठाऊक आहे. नवी मुंबईच्या विमानतळासाठी दहा गावे उठली, डिसेंबर २०२५ मध्ये तिथून विमाने उडू लागली. या स्थित्यंतरात पनवेलच्या मुलांच्या मनातले ध्येय शेताच्या बांधावरून कुठे सरकले, याची नोंद कोणी ठेवली? अध्यात्माचा वारसा सांगणाऱ्या समाजाने आपल्या मुलांच्या मनाबाबत एवढे उदासीन असावे, हा दैवदुर्विलास नव्हे, आळस आहे.

धोरण चांगले, पण कोणासाठी?

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० हे मेकॉलेच्या सावलीतून बाहेर पडण्याचा गंभीर प्रयत्न आहे. राज्यातील संलग्न महाविद्यालयांत ते २०२४-२५ पासून पदवीच्या पहिल्या वर्षाला लागू झाले. एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी आणि चौथ्या वर्षानंतर ऑनर्स पदवी अशी ही रचना आहे. शिक्षण मध्येच सोडावे लागले तरी केलेले कष्ट वाया जाऊ नयेत, हा हेतू उदात्तच. परंतु दार उघडे ठेवले की त्यातून कोण बाहेर पडतो, यावर पहारा हवा. खारघरचा मुलगा चौथ्या वर्षापर्यंत जाईल आणि वाडीवरचा मुलगा पहिल्याच दाराने प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडेल, तर कागदावर दोघेही यशस्वी! गळती हा शब्द पुसला जाईल आणि गळती तशीच राहील. हा धोका धोरणाच्या विरोधकांनी नव्हे, समर्थकांनी मांडला पाहिजे. धोरण यशस्वी व्हावे असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांनी अंमलबजावणीतील पोकळीकडे डोळेझाक करणे ही त्या धोरणाशीच प्रतारणा आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ साली नवागतांसाठी 'दीक्षारंभ' हा उपक्रम सुचवला. लहान गटांमागे एक मार्गदर्शक शिक्षक आणि विद्यार्थ्यांशी जिव्हाळ्याचा संवाद ही त्यामागची कल्पना. नाव किती अर्थगर्भ! प्रत्यक्षात अनेक ठिकाणी दीपप्रज्वलन, दोन भाषणे आणि छायाचित्र यांवर तो आटोपतो. दोष केवळ प्राचार्यांचा नाही. तासिका तत्त्वावर नेमलेल्या प्राध्यापकाला तासाचे पैसे मिळतात; विद्यार्थ्याच्या घरी जाण्याचे, त्याची अडचण ऐकण्याचे मिळत नाहीत. गुरूला रोजंदारीवर ठेवायचे आणि गुरुपौर्णिमेला गुरुमहात्म्य गायचे, हा दांभिकपणा कुठवर चालणार?

आपल्या परंपरेने काय सांगितले?

काही विद्वान म्हणतील, पार्श्वभूमी विचारणे म्हणजे शिक्के मारणे. छांदोग्य उपनिषदातील सत्यकाम जाबालाची कथा त्यांनी आठवावी. आचार्य गौतमांनी नवागत मुलाला त्याचे गोत्र विचारले. मुलाने आईचे उत्तर जसेच्या तसे सांगितले, की गोत्र ठाऊक नाही. आचार्यांनी त्याला परत पाठवले नाही. त्याची सत्यनिष्ठा ओळखून पदरात घेतले. प्रश्न वगळण्यासाठी की स्वीकारण्यासाठी, हे विचारणाऱ्याच्या अंतःकरणावर ठरते. प्रश्नोपनिषदात पिप्पलादांनी सहा जिज्ञासूंना आधी वर्षभर आश्रमात राहण्यास सांगितले आणि मगच प्रश्न विचारण्याची अनुमती दिली. शिकवण्याआधी एक वर्ष सहवासाचे! आपले 'पहिले वर्ष' याहून वेगळे का असावे?

फार मागे जायचे नसेल, तर कर्मवीर भाऊराव पाटलांकडे पाहावे. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. मुलगा राहील कुठे आणि खाईल काय, हा प्रश्न त्यांनी अभ्यासक्रमाइतकाच महत्त्वाचा मानला, म्हणून वसतिगृह हा त्यांच्या कार्याचा पाया झाला. 'कमवा आणि शिका' ही योजना विद्यार्थ्याच्या परिस्थितीच्या ज्ञानातून जन्मली, कार्यालयातील टिपणीतून नव्हे. त्याच रयतचे महाविद्यालय आज पनवेलमध्येही आहे.

तेव्हा मागणी साधी आहे. उच्च शिक्षणाच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याची पार्श्वभूमी, सवयी आणि अपेक्षा यांचा स्वतंत्र विभाग हवा, तोही त्याच्या मातृभाषेत. एका वर्षानंतर बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाचे कारण नोंदले जावे आणि ते जाहीर व्हावे. मार्गदर्शनाचे तास प्राध्यापकाच्या कार्यभारात धरले जावेत. मुलींच्या पासची मर्यादा पदवीपर्यंत न्यावी.

शासन करील तेव्हा करील. समाजाने थांबण्याचे कारण नाही. वस्तीवस्तीत जाणाऱ्या कार्यकर्त्यांना दाराची ओळख असते. त्यांनी यंदा एवढेच विचारावे की या घरातून एफ.वाय.ला कोण गेले आणि दिवाळीनंतर ते अजून जाते का. वसाहतीतील सुस्थित कुटुंबांनी आपल्या मुलाच्या वर्गातील मागच्या बाकाचे नाव विचारावे, त्याला घरी जेवायला बोलवावे, अभ्यासाला एक खोली उघडी ठेवावी. पटावरच्या नावाला माणसाची ओळख मिळाली, तर दुसऱ्या सत्रातही तो बाक रिकामा राहणार नाही.