होमस्टे घ्या, पण स्टारचे पैसे मोजू नका

ताडोबाच्या मोहर्ली किंवा कोलारा गेटजवळचा चालता होमस्टे विकायला निघाला, की जमीन, खोल्या, पलंग यांच्यासोबत पाहुण्यांचे रिव्ह्यूही भावात धरले जातात. "साडेचारच्या वर स्टार आहेत, त्याचे वेगळे द्या." घेणाऱ्यांनो, इथे जरा थांबा.

एअरबीएनबीवरचे रिव्ह्यू यजमानाच्या खात्याशी बांधलेले असतात. घर विकलं तरी खातं विकता येत नाही. नव्या मालकाला स्वतःच्या खात्यावर घर नव्याने नोंदवून शून्यापासूनच सुरुवात करावी लागते. मग कुणीतरी सुचवतं, "पासवर्डच घेऊन टाका ना." हे अजिबात करू नका. खात्यावर ओळखपत्र जुन्या मालकाचं, पॅन त्याचा. कमाई तुमची आणि टीडीएस त्याच्या नावावर जमा, असा घोळ होतो. विकणाऱ्यांनो, तुम्हीही ऐका: उद्या तिथे पाहुण्याची फसवणूक झाली, तर विचारणा तुमच्याकडे होईल.

गूगलचं वेगळं आहे. तिथली नोंद जागेची असते. जुन्या मालकाने नव्याला आधी मालक म्हणून जोडायचं आणि नंतर मुख्य मालकी त्याच्याकडे द्यायची. नव्या माणसाला पूर्ण अधिकार मिळायला सात दिवस लागतात, पण रिव्ह्यू जागेवर राहतात. म्हणून घाईने दुसरी नोंद उघडू नका. खरेदीखताच्या वेळीच जोडण्याचं काम समोर बसून उरकून घ्या आणि मुख्य मालकी त्या सात दिवसांनंतर घ्या.

आता हे राहिलेले रिव्ह्यू एकदा नीट वाचा. लोकांनी एसीचं कौतुक कमीच केलेलं असतं. पहाटे वेळेवर उठवलं, चहा दिला, नाश्ता बांधून दिला, रात्री पाटवडी रस्सा खाऊ घातला, हेच लिहिलेलं असतं. म्हणजे खरी पुण्याई स्वयंपाकीणबाईंची आणि गाडीवाल्या दादांची. त्यांना टिकवा, पगार वाढवून टिकवा. ते गेले तर जुने रिव्ह्यू दुसऱ्याच घराचे झाले. जुने रिव्ह्यू वाचून पुण्याहून येणाऱ्या कुटुंबाची सकाळची सफारी उशिरा निघाल्याने हुकली, तर परमिटचे पैसे परत येत नाहीत. म्हणून नोंदीत स्वच्छ लिहा: अमुक महिन्यापासून व्यवस्थापन नवीन. विकतचे रिव्ह्यू तर नकोच. भारतीय मानक ब्युरोने 2022 साली काढलेल्या आयएस 19000 या मानकातही ते निषिद्ध आहेत.

गडचिरोलीकडे घर बघत असाल, तर आधी सातबारा बघा. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकायची, तर जमीन महसूल संहितेच्या कलम 36-अ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि तिला शासनाची पूर्वमान्यता लागते. ती नसेल तर पुढची बोलणीच करू नका.

ताडोबाचा व्यवहार जुलै ते सप्टेंबरमध्ये, जंगलाचं कोअर क्षेत्र बंद असताना केलेला बरा. ऑक्टोबरनंतरची बुकिंगं आणि त्यांचा आगाऊ पैसा कागदावर तारीखवार लिहून घ्या, आणि त्या प्रत्येक पाहुण्याला मालक बदलल्याचा फोन दोघांनी मिळून करा.