रिंगणाबाहेर

मुष्टियोद्धा म्हटले, की आपल्या डोळ्यांसमोर सुजलेली भुवई, आवळलेली मूठ आणि समोरच्याला लोळवणारा ठोसा येतो. विचार करणे हे त्याचे काम नव्हे, असे आपण मनाशी धरूनच चाललेलो असतो. म्हणून असा माणूस खेळ सोडून भलत्याच क्षेत्रात भेटला, की आपण चकित होतो. या आश्चर्यात कौतुक असते हे खरे, पण त्यात थोडा अन्यायही असतो, असे मला वाटते.

जपानचे वास्तुरचनाकार तादाओ आंदो यांचेच उदाहरण घ्या. त्यांचा जन्म १९४१ साली ओसाका येथे झाला आणि आजीने त्यांना वाढवले. सतराव्या वर्षी ते व्यावसायिक मुष्टियोद्धा झाले. पुढे एकदा फायटिंग हाराडा या असामान्य खेळाडूचा सराव त्यांनी जवळून पाहिला. आपण कितीही घाम गाळला तरी या माणसाची बरोबरी करू शकणार नाही, हे त्यांना उमगले आणि त्यांनी तो खेळ सोडून दिला. आपली मर्यादा इतक्या लवकर आणि इतक्या स्वच्छपणे ओळखणे ही सामान्य गोष्ट नव्हे. हरल्यानंतर शहाणे होणारे पुष्कळ असतात. दुसऱ्याचा सराव पाहूनच शहाणा होणारा विरळा.

विद्यापीठात जाण्याइतका पैसा घरी नव्हता. तेव्हा आंदो यांनी वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांची पुस्तके मिळवून स्वतःच वाचायला सुरुवात केली. रात्रीच्या वर्गात ते चित्रकला शिकले आणि अंतर्गत सजावटीचा अभ्यासक्रम त्यांनी पत्रद्वारा केला. जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्यांना ल कॉर्बुझिए यांच्या आराखड्यांचे पुस्तक दिसले. आपल्या चंदीगड शहराची रचना करणारे तेच हे कॉर्बुझिए. आंदो यांनी पैसे साठवून ते पुस्तक विकत घेतले आणि त्यातील आराखडे पुन्हा पुन्हा गिरवले. (पुढे पाळलेल्या कुत्र्यालाही त्यांनी कॉर्बुझिए यांचेच नाव दिले! गुरुभक्तीचा हा प्रकार आपल्याकडे कोणाला रुचला असता की नाही, कोण जाणे.) १९७६ साली त्यांनी ओसाकामधील सुमियोशी येथे काँक्रीटचे एक छोटेसे घर बांधले. त्या घराच्या मधोमध उघडे अंगण आहे. पावसाळी दिवशी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायचे, तर छत्री घ्यावी लागते! टीका झाली, पण आंदो आपल्या विचारापासून ढळले नाहीत. १९९५ साली त्यांना वास्तुकलेतील सर्वोच्च मानला जाणारा प्रित्झकर पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी कोबे येथे मोठा भूकंप झाला होता. पुरस्काराचे एक लाख डॉलर त्यांनी त्या भूकंपात अनाथ झालेल्या मुलांसाठी दिले.

रिंगणात उतरलेला माणूस एकटा असतो. घंटा वाजली, की मार्गदर्शकालाही दोरीबाहेर थांबावे लागते. एकट्याने गुरूविना शिकण्यासाठी जी हिंमत लागते, ती याहून फार वेगळी नसावी.

अमेरिकेच्या जॉर्ज फोरमनची कथा वेगळ्या वळणाची आहे. हा मुलगा शाळा अर्धवट सोडून रस्त्यावर भटकत होता. १९६५ साली तो सरकारच्या 'जॉब कोअर' या प्रशिक्षण योजनेत दाखल झाला आणि तेथेच त्याला मुष्टियुद्धाची गोडी लागली. १९६८ मध्ये ऑलिंपिक सुवर्णपदक, १९७३ मध्ये जगज्जेतेपद आणि १९७४ मध्ये किन्शासा येथे महंमद अलीकडून पराभव, असा त्याचा प्रवास झाला. १९७७ मध्ये खेळ सोडून तो चक्क धर्मोपदेशक बनला. मुलांसाठी त्याने ह्यूस्टनमध्ये केंद्र काढले. त्या केंद्राला पैसा हवा, म्हणून १९८७ साली तो रिंगणात परतला आणि १९९४ मध्ये, वयाच्या ४५व्या वर्षी, पुन्हा जगज्जेता झाला. आणि एवढे करूनही, मार्च २०२५ मध्ये तो वारला तेव्हा असंख्य घरांना तो आठवला, तो त्याचे नाव असलेल्या विजेच्या ग्रिलमुळे! ते ग्रिल दहा कोटींहून अधिक विकले गेले. केवळ नाव वापरण्याच्या हक्कासाठी १९९९ साली १३ कोटी ७५ लाख डॉलरचा करार झाला.

राजकारणात गेलेले मुष्टियोद्धे मात्र मला तितके थक्क करीत नाहीत. युक्रेनचा विताली क्लिच्को २०१४ साली कीव्हचा महापौर झाला. फिलिपीन्सचा मॅनी पॅक्याव २०१६ ते २०२२ या काळात सिनेटर होता. प्रसिद्धीच्या बळावर सभागृहाचे दार उघडते, पण आतले काम ती करून देत नाही. पॅक्याव त्याआधी कनिष्ठ सभागृहात असताना त्याच्या गैरहजेरीवर कडक टीका झाली होती, आणि ती योग्यच होती. त्याचे दुसरे एक धाडस मला अधिक मोलाचे वाटते. लहानपणी शाळा सुटलेल्या या जगज्जेत्याने २००७ साली माध्यमिक शाळेशी समकक्ष अशी परीक्षा दिली आणि तो उत्तीर्ण झाला. आपल्या मेरी कोम यांनीही नियमित शाळा सुटल्यावर मुक्त विद्यालयातूनच परीक्षा दिली होती. २०१६ मध्ये राज्यसभेवर त्यांची नियुक्ती झाली, तेव्हा ही गोष्ट किती जणांना आठवली असेल?

आपल्याकडे कोणताही अर्ज भरताना 'शैक्षणिक अर्हता' हा रकाना लवकरच येतो आणि तेथे अनेकांचे पेन अडते. १९९७ साली टोकियो विद्यापीठाने वास्तुशास्त्राच्या प्राध्यापकपदी तादाओ आंदो यांची नियुक्ती केली. समोर बसलेली मुले जपानमधील अत्यंत कठीण प्रवेशपरीक्षा पार करून आलेली होती. शिकवणाऱ्याकडे मात्र वास्तुशास्त्राची पदवीच नव्हती.