विखुरलेल्यांचा फेर

गणपती दोन दिवसांवर आले की दिवा-रोहा गाडी चाकरमान्यांनी फुलून जाते. त्या गर्दीत मखराच्या सामानाशेजारी कापडात गुंडाळलेली ढोलकी दिसली, की समजावे, एखाद्या वाडीचे नाचाचे मंडळ गावाकडे निघाले आहे. वर्षभर ही माणसे एकमेकांना क्वचितच भेटलेली असतात. तरी गौरीच्या रात्री त्यांना एका तालावर नाचायचे असते!

रोहा, तळा, माणगाव, म्हसळा या भागांतली ही जाखडी. मुंबईकरांनी तिला ‘बाल्या डान्स’ म्हटले. मध्ये शाहीर, ढोलकी आणि झांज. भोवती पायांत चाळ बांधलेल्यांचा फेर. शक्ती-तुऱ्याचा सामना असला, तर शक्तीवाले पार्वतीची थोरवी गातात आणि तुरेवाले शिवाची. एका शाहिराने टाकलेला सवाल दुसऱ्याने त्याच बारीत सोडवायचा. ढोलकी चढली की पावलांनी चढायचे, शाहिराने चाल बदलली की फेराने वळायचे. काय होईल हे आधी कुणालाच ठाऊक नसते, आणि खरी रंगत त्यातच असते.

असा नाच दूर राहून कसा टिकवायचा? गिरण्यांच्या काळात हा प्रश्न इतका बिकट नव्हता. लालबाग-परळच्या गाळ्यांत एकाच गावची माणसे एकत्र राहत. पाळी सुटली की तिथेच ढोलकीवर थाप पडे. गाव दूर असले, तरी मंडळ एका खोलीत असे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि ती खोली मोडली. आज एकजण नालासोपाऱ्याला, दुसरा डोंबिवलीला, तिसरा पुण्याला, तर चौथा धाटावच्या कारखान्यात रात्रपाळीला. कोकणच्या लोककलांना मुंबईत हक्काचे वाटणारे परळचे दामोदर नाट्यगृहही २०२३ साली पुनर्विकासासाठी बंद झाले.

यावर तरुणांनी मोबाईलचा तोडगा काढला. गाणे ध्वनिमुद्रित करून पाठवायचे, पावलांची चित्रफीत पाहून ज्याने त्याने घरी सराव करायचा. यात वाईट काहीच नाही. शब्द पाठ करायला, चाल कानात बसवायला हे साधन उत्तमच. पण पुढचा मोह घातक आहे. एकत्र तालीम होत नाही म्हणून सारेच आधी बांधून टाकायचे. इतकी कडवी, इतक्या गिरक्या, फार काय, सवाल-जवाबही दोन्ही बाजूंनी ठरवून घ्यायचे! चूक होत नाही हे खरे, पण मग प्रेक्षकाने रात्र का जागवावी?

दूरच्या तालमीला न साधणारी एकच गोष्ट आहे : दुसऱ्याच्या खांद्याची हालचाल पाहून आपले पाऊल बदलणे. त्यासाठी एका जागी घाम गाळावाच लागतो. म्हणून मंडळांनी चित्रफितींपेक्षा भेटीच्या तारखा आधी ठरवाव्यात. पावसाळ्यात दोन रविवार सर्वांना सोयीच्या स्टेशनाजवळ, आणि गणपतीआधी एक संपूर्ण रात्र गावच्या सहाणेवर. गावात राहिलेल्या वडीलधाऱ्यांनी ढोलकी गरम ठेवावी आणि नवी पोरे फेरात घ्यावीत. कुणाची रजा नामंजूर झालीच, तर त्याची जागा रिकामी राहू नये. आता कितीतरी ठिकाणी मुली आणि सुनाही नाचू लागल्या आहेत. त्यांना वेगळ्या कार्यक्रमापुरते न ठेवता मूळ मंडळातच मानाने घ्यायला काय हरकत आहे?

घरच्यांचाही यात वाटा आहे. तालमीला निघालेल्याला ‘या वयात कसला नाच?’ असे विचारणे सोपे असते. पण वाडीतल्या पंधरा घरांना वर्षातून एकदा एकत्र आणणारे दुसरे काय उरले आहे? शेती थोडकी झाली, जुन्या घरांना कुलपे लागली. कुलूप निघते ते गणपतीला. त्या पाच-सात दिवसांत अंगणात फेर धरला गेला, तर पुढच्या वर्षीही ते निघण्याची आशा आहे.